कॉफीत गुठळ्या का राहतात?

प्रश्न : संध्याकाळी उकळत्या दुधात इन्स्टंट कॉफी टाकते. गुठळ्या तरंगतात, चवही कडवट लागते. काय करू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पावडर थेट उकळत्या दुधात टाकू नका. ही कॉफी कारखान्यात आधीच गाळून, मग वाळवलेली असते. तिला पुन्हा उकळायची गरजच नाही. उकळलीत तर सुवास वाफेबरोबर उडतो आणि कडवटपणा तेवढा जाणवतो.

मी कपात चहाचा एक सपाट चमचा पावडर आणि दोन चमचे साखर घेते. त्यावर चमचाभर कोमट पाणी घालून रंग फिका होईपर्यंत घोटते. हात भरून येतो, पण इथे कंटाळा करू नका, सगळी गंमत या घोटण्यात आहे. दूध म्हशीचं असेल तर पाव कप पाणी मिसळा, नाहीतर दाट दुधापुढे कॉफीची चवच लागत नाही. दूध वर येऊ लागलं की गॅस बंद करून कपात उंचावरून ओता.

आणि जायफळ! आपल्या मराठी घरातल्या कॉफीला ते हवंच. तयार पूड नको, अख्खं जायफळ आणा आणि किसणीवर दोनदा फिरवा. जास्त झालं तर कॉफी उग्र होते.

बरणीत ओला चमचा घालू नका. पुण्याच्या पावसाळ्यात पावडरीचा लगेच दगड होतो. कडवटपणा तरीही राहिलाच तर बाटलीवरचं लेबल वाचा. चिकोरी, म्हणजे एका रोपाच्या भाजलेल्या मुळांची कडवट पूड, मिसळलेली असेल तर पावडर थोडी कमी घ्या.