बोगद्याला मनाई, मग जायचं कुठून?

प्रश्न: डोंगरापलीकडे कामाला मी रोज सायकलने जाते. पूर्वी वळणांचा रस्ता होता. बोगदा झाला आणि त्या रस्त्याची डागडुजी थांबली, आता तिथे दरडीचे दगड पडलेले असतात. बोगदा दोन किलोमीटरचा आहे. तोंडाशी ‘पादचारी व सायकलींना मनाई’ अशी पाटी आहे, तरी आम्ही बरेच जण आतूनच जातो. ही मनाई योग्य आहे का? आणि आत जावंच लागलं तर काय काळजी घ्यावी?

उत्तर: ताई, बोगद्यांतले दिवे आणि पंखे हेच माझं सव्वीस वर्षांचं काम. आधी स्पष्ट सांगतो: ती पाटी आहे तोवर आत जाऊ नका.

नोकरीत नवा असताना तपासणीसाठी मी वाहतूक सुरू असलेल्या बोगद्यात कडेच्या अरुंद कट्ट्यावरून चालत गेलो होतो. ट्रक मागून येतोय की पुढून, हेच कळेना. आवाज भिंतींवर आपटून सगळीकडून येतो. ट्रक शेजारून गेला तेव्हा त्याने रेटलेल्या हवेने मी भिंतीला टेकलो. माझ्या अंगात चमकणारं जाकीट होतं आणि मी आत आहे हे नियंत्रण कक्षाला ठाऊक होतं. तुमच्या बाबतीत यातलं काहीच नसतं.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे तोंडाजवळचा पहिला टप्पा. भर उन्हातून आत शिरणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे काही क्षण अंधारलेले असतात. म्हणूनच दिवसा तिथले दिवे आतल्या दिव्यांपेक्षा कितीतरी प्रखर ठेवावे लागतात. ते बंद असले तर सायकल दिसतच नाही. हवेचंही तसंच, आत गाड्यांचा धूर असतो. ताशी साठच्या वेगाने गाडी दोन मिनिटांत बाहेर पडते, तुम्हाला ताशी बाराने दहा मिनिटं लागतात, आणि चालणाऱ्याला जवळजवळ पंचवीस. त्यात पेडल मारताना श्वास खोल जातो. पंख्यांचा हिशेब करताना आम्ही मात्र गाडीतल्या माणसाचीच मिनिटं धरायचो.

तेव्हा त्या बोगद्यापुरती मनाई बरोबर आहे. पण पर्याय न देता पाटी ठोकणं म्हणजे काम अर्धवट सोडणं, असं माझं ठाम मत आहे.

पर्याय असतात. फ्रान्समधल्या लियों शहरात क्रॉ-रूस टेकडीखालून १९५२ पासून गाड्यांचा बोगदा आहे. आगीच्या वेळी माणसांना निसटता यावं म्हणून शेजारी दुसरी नळी, म्हणजे समांतर बोगदा, खोदायचं ठरलं. (१९९९मध्ये मों ब्लां बोगद्यातल्या आगीत ३९ माणसं गेली, तेव्हापासून सुटकेच्या वाटांचा विचार फार गांभीर्याने होतो.) ती वाट एरवी बंद ठेवता आली असती. तसं न करता २०१३च्या अखेरीस ती पादचारी, सायकली आणि बस यांना खुली केली. लांबी पावणेदोन किलोमीटर, म्हणजे जवळपास तुमच्या बोगद्याएवढी. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये ट्रामच्या बोगद्यालगतची सुटकेची वाट २०२३पासून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी रोज वापरात आहे. ती जवळपास तीन किलोमीटर आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये नदीखालून जाणाऱ्या मास बोगद्यात तर १९४२पासूनच पादचाऱ्यांना वेगळी नळी, सायकलींना वेगळी.

तुमच्याकडे नवी नळी लगेच होणार नाही, हे मी जाणतो. म्हणून पहिली मागणी जुन्या रस्त्याची करा: दगड हटवा, दरडीला जाळी लावा, आणि तो रस्ता फक्त चालणाऱ्यांना व सायकलींना ठेवा. तोवर सायकलीसकट बोगदा पार करून देणारी गाडी ठरलेल्या वेळी सोडता येते.

काही बोगद्यांत सायकलला परवानगी असते. अमेरिकेत ओरेगनच्या किनारी महामार्गावर एका बोगद्याच्या तोंडाशी बटण आहे. ते दाबलं की ‘आत सायकलस्वार आहे’ हे सांगणारे दिवे ड्रायव्हरसमोर लुकलुकतात. अशा ठिकाणी जाताना गॉगल बोगद्याच्या तोंडाआधीच काढा आणि पुढचा-मागचा दिवा बाहेरच लावून घ्या. गटाराच्या जाळीला चिकटून चालवू नका, तिथे ओल असते आणि चाक अडकतं. धूर दिसला तर सायकल तिथेच टाकून धुराच्या उलट दिशेच्या जवळच्या सुटकेच्या दाराकडे जा. सायकलसाठी परत फिरू नका.

आणि एक करा. तुम्ही चार-पाच जणी मिळून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बोगद्याबाहेर उभ्या राहा. किती माणसं चालत आली, किती सायकली, बरोबर मुलं होती का, हे वहीत लिहा आणि ती वही अर्जाला जोडा. आमच्या वाहतूक मोजणीच्या तक्त्यात ट्रक, बस, मोटार, दुचाकी असे रकाने भरलेले असायचे. पादचाऱ्यांचा रकानाही होता. माझ्या टेबलावर आलेल्या तक्त्यांत तो कायम कोरा असायचा, आणि मी कधी विचारलं नाही.