रोड बाईकसाठी महागडे, हलके ब्रेक घेणं परवडतं का?

तुमच्या बाईकवर शिमानो १०५ चे रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला, रबरी पॅड दाबून थांबवणारे) आहेत आणि केन क्रीक कंपनीचे महागडे, हलके ईईब्रेक खुणावतायत, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत : नका घेऊ.

हिशोब बघा. १०५ ची जोडी साधारण ३८० ग्रॅम, ईईब्रेक १७० च्या आसपास. म्हणजे वाचले २०० ग्रॅम. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर हे पाव टक्का झालं. सिंहगडाच्या चढाला पाऊण तास लागत असेल तर फार तर सहा-सात सेकंद वाचतील. तेवढे तर बाटली कमी भरूनही वाचतात! स्पर्धेतही यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) नियमाने सायकल ६.८ किलोच्या खाली चालत नाही.

आणि ब्रेक काही कॅलिपर (पॅड रिमवर दाबणारा ब्रेकचा चिमटा) एकटा मारत नाही. पकड ठरते पॅड, रिम आणि केबलवर. पावसाळ्यात गड उतरून आलात की पॅड काढून बघा, रबरात अ‍ॅल्युमिनियमचे चमचमते कण रुतलेले दिसतील. तेच रिम खरवडतात. टाचणीने उपटून काढा, पॅडवर हलकासा पॉलिश पेपर फिरवा, रिम स्पिरिटने पुसा. केबल आणि आउटर (केबलवरची नळी) जुने असतील तर बदला, लिव्हर एकदम मऊ होईल. पॅड चांगल्या कंपनीचे घ्या; रिम कार्बनची असेल तर पॅडही कार्बन रिमसाठीचेच.

हां, ब्रेक बिनब्रँडचे असतील, दाबल्यावर कॅलिपरचे हात वाकत असतील, तर १०५ जरूर घ्या. तिथे फरक पहिल्याच उतारावर कळतो. ईईब्रेक दिसायला मात्र देखणे आहेत, हे मान्य.