तुमचे प्रश्न : ठिपके का पुसलेस?

प्रश्न : ताई, मी टेक्स्टाइल डिझाइन शिकतेय. चीनच्या नानतोंगचं ते निळं-पांढरं छापील कापड असतं ना, त्याच्या फोटोंवरून मासा, वटवाघूळ, फुलं सगळं कॉम्प्युटरवर व्हेक्टरमध्ये (म्हणजे रेषांच्या चित्रात) ट्रेस केलं, तुटक ठिपके जोडून रेषा मस्त गुळगुळीत केल्या, रिपीट लावून, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा मांडून, डिजिटल प्रिंट काढली, तर सगळं वरून स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतंय. कुठे चुकतंय?

उत्तर : अगं, ठिपके जोडलेस तिथेच घोळ झाला! ते कापड कसं बनतं बघ, जाड कागदात नक्षी कोरून स्टेन्सिल करतात, त्याला तुंग झाडाच्या बियांचं तेल लावतात म्हणजे ओल्याने तो लगेच खराब होत नाही, मग तो कापडावर ठेवून सोयाबीनचं पीठ आणि चुना यांची पेस्ट वरून ओढतात, ती वाळली की कापड निळीच्या पिंपात पुन्हा पुन्हा बुडवायचं आणि शेवटी पेस्ट खरवडली की तिच्याखालचं तेवढं पांढरं राहतं. आता कागदात लांब सलग रेषा कापलीस तर कागद लोंबणार, गोल पूर्ण कापलास तर मधला तुकडा गळूनच पडणार. म्हणून कारागीर रेषा तोडत तोडत जातो. ठिपके ही हौस नाही गं, कागदाची मजबुरी आहे, आणि सगळी मजा त्या मजबुरीतच आहे.

तेव्हा ट्रेसिंग सोड आणि हातात कटर आहे असं समजून नव्याने काढ, मोटिफ, म्हणजे नक्षीतले आकार, तुझे स्वतःचे असले तरी चालतील. निळ्यावर पांढरी नक्षी असेल तर निळा भाग म्हणजे कागद, तो सगळा एकमेकांना जोडलेला हवा. चेक करायला सोपं आहे, पेंट बकेटने निळ्यावर एकदाच क्लिक कर, कुठे एखादं निळं बेट रंगायचं राहिलं तर खरा कागद तिथे गळला असता.

आणि वाळलेल्या पेस्टला जातात तसे तडे दाखवणारा रेडिमेड फिल्टर प्लीज नको, एकच तडा दर रिपीटला त्याच जागी दिसला की लगेच पकडलं जातं.

प्रश्न : आणि लेआउट फिरवताना वटवाघूळ उलटं झालं तर अपशकुन नाही ना?

उत्तर : उलट शुभच! चिनी भाषेत वटवाघळातला 'फू' आणि सौभाग्याचा 'फू' उच्चाराला सारखेच, शिवाय 'उलटं' आणि 'आलं' हेही ऐकायला सारखे, त्यामुळे उलटं वटवाघूळ म्हणजे सौभाग्य दारात आलं. खरी भीती मिरर रिपीटची, म्हणजे नक्षी आरशातल्यासारखी उलटवून मांडण्याची, त्यात 'फू' हे अक्षर घेतलंस तर ते आरशातलं होऊन सरळ चुकीचं दिसतं. लग्नातलं दुहेरी आनंदाचं चिन्ह दोन्हीकडून सारखं असल्याने तिथे ही भीती नाही.

कॉटनवर छापणार असशील तर रिअॅक्टिव्ह इंक (सुती धाग्याशी पक्की जोडली जाणारी शाई) घे, नंतर स्टीम आणि धुणं आलंच. डिजिटल प्रिंटची मागची बाजू फिकी राहते, बुडवून रंगवलेल्या कापडाची तशी राहत नाही, म्हणून पाठ दिसेल अशा स्कार्फला हे डिझाइन मी तरी वापरणार नाही. आणि लेबलवर 'डिजिटल प्रिंट' असं स्पष्ट लिही, नानतोंगची ही छपाई 2006 पासून चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा (म्हणजे परंपरागत कला-कौशल्यांच्या) यादीत आहे, तिचं नाव लावून मशीनचा माल विकू नकोस.