माळ्यावरची जर्मन रेकॉर्ड

प्रश्न: दादा, इंदूरला राजवाड्याजवळचं आमचं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर काकांची एक एलपी मिळाली, ल्युसिफर्स फ्रेंड, वर फिलिप्स लिहिलंय. भंगारात देऊ का? - एक वाचक, इंदूर

उत्तर: अहो नको नको, अजिबात देऊ नका! हा हॅम्बर्गचा बँड, पहिला अल्बम 1970 चा, म्हणजे ब्लॅक सॅबथ या इंग्रज रॉक बँडचा पहिला अल्बम आला त्याच वर्षी, आणि तितकाच जड, काळोखा आवाज. पहिलंच गाणं लावून बघा, गिटारच्या जोडीला फ्रेंच हॉर्न वाजतो, अंगावर काटा येतो हो. गायक जॉन लॉटन इंग्रज, बाकी मंडळी जर्मन. मग गाजले का नाहीत? मला वाटतं प्रत्येक अल्बमला स्टाइल बदलली, कधी हार्ड रॉक कधी जॅझकडे, त्यामुळे ऐकणारा गोंधळला, आणि 1976 मध्ये लॉटन उरिया हीप या इंग्रज रॉक बँडमध्ये गेले. पण नंतर हेवी मेटलची, म्हणजे या जड रॉकची, मुळं शोधणारे कलेक्टर इथवर पोचले आणि जुन्या जर्मन प्रती शोधायला लागले.

आता तुमची प्रत. कव्हरवर बारकोड असेल तर ती रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली प्रत, कारण 1970 मध्ये रेकॉर्डवर बारकोड नव्हतेच. नसेल तर लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला नंबर टॉर्चने बघून लिहून घ्या, त्याच्यावरनं प्रेसिंग, म्हणजे प्रत कुठल्या छपाईची ते, कळतं. ओल्या फडक्याने घासू नका, आणि ठेवताना उभीच ठेवा, आडव्या थप्पीत वाकते. विकण्याआधी एकदा काकांसोबत बसून पूर्ण ऐका बरं का.