समुद्री पक्ष्यांचा 'लिंगभेद' आणि त्यांचा 'चारा'

सोलापुरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी त्या समुद्री पक्ष्यांवर लेख तयार करताहेत. मथळा आहे 'समुद्री पक्ष्यांमधील लिंगभेद'. लेखात दोन वाक्यं अशी : 'नर साहजिकच आकाराने मोठा असतो' आणि 'नर व मादी चाऱ्यासाठी समुद्र वाटून घेतात'. मुख्याध्यापकांनी मथळ्याखाली लाल रेघ मारली, पण दुसरा शब्द सुचवला नाही. एक सहकारी म्हणाले, चारा गुरांचा, पक्ष्यांना कसला चारा? आणि जाता जाता बाईंनी विचारलंय, मादी लिहू की मादा?

बाई, रेघ योग्य जागी पडली आहे. 'लिंगभेद' व्याकरणाला धरून चूक नाही. 'लिंगभेदाने विशेषणाचे रूप बदलते' असं वाक्य आपण व्याकरणाच्या तासाला ऐकलेलंच आहे. पण जातिभेद, वर्णभेद, पंक्तिभेद यांच्या पंगतीत बसून बसून 'भेद'ला अन्यायाचा वास लागला. आज 'लिंगभेद' वाचलं की डोळ्यापुढे पगारातली तफावत येते. भित्तिपत्रकासमोर उभा राहून एखादा आगाऊ पोरगा विचारेलच, 'बाई, समुद्रात मादीला कमी मासे देतात का?'

जीवशास्त्राच्या पुस्तकांतला शब्द 'लैंगिक द्विरूपता', म्हणजे एकाच जातीच्या नर-मादीचं रूप वेगवेगळं असणं. तो नेमका आहे, पण सातवीच्या मुलाला 'लैंगिक'पाशीच हसू फुटतं आणि पुढचं वाचायचं राहून जातं. मथळ्यात सरळ 'नर-मादीतला फरक' लिहा. 'द्विरूपता' आत कुठेतरी एकदा येऊ द्या, म्हणजे पुढच्या वर्गात भेटली तर ओळख पटेल. माझी तक्रार निराळीच आहे. हा शब्द रूपाबद्दल बोलतो, वागण्याबद्दल नाही, आणि तुमच्या लेखाचा अर्धा भाग वागण्याचा आहे. स्कॉटलंडच्या बास रॉक बेटावरचे गॅनेट नावाचे समुद्री पक्षी घ्या. नर-मादी शेजारी बसले तर डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, आकारही जवळजवळ सारखा. तरी अंगावर उपकरणं लावून पाहिलं तेव्हा माद्या नरांपेक्षा जास्त खोल बुड्या मारताना आढळल्या. इथे द्विरूपता नाहीच, फरक मात्र आहे. म्हणून शरीरातला फरक आणि अन्न मिळवण्यातला फरक, हे दोन विषय दोन शब्दांत वेगळे ठेवा. एकातून दुसरा आपोआप निघतो असं वाक्यरचनेतून सूचित होऊ देऊ नका.

आता 'साहजिकच'. त्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लाल पेन माझ्या हातात असतं तर पहिली रेघ तिथे पडली असती.

तो शब्द तुमच्या हातून का निसटला, हे मराठी माणसाला कळतं. आपल्या भाषेत लिंगातच माप लपलेलं आहे. सुरा मोठा, सुरी लहान. विळा-विळी, हंडा-हंडी, डबा-डबी, नळा-नळी. आकारान्त पुल्लिंगी म्हणजे दांडगं, ईकारान्त स्त्रीलिंगी म्हणजे बेताचं, हे बाळपणापासून कानात बसलेलं असतं. सोलापूरकरांना त्यात आणखी पुरावा घराजवळच मिळतो. नान्नजच्या माळावरचा माळढोक नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा भरतो. तेव्हा 'नर मोठा' ही गोष्ट सांगण्याचीही गरज नाही असं वाटून जातं.

समुद्रावर हा हिशेब एका बाजूने लागत नाही. अल्बट्रॉस, पाणकावळे, कुरव यांच्यात नर मोठे, हे खरं. पण फ्रिगेट, बूबी आणि स्कुआ यांच्यात मादी मोठी. पावसाळ्यात वाऱ्याने भरकटून आपल्या कोकण किनाऱ्यावर अधूनमधून येऊन पडतात ते फ्रिगेट आणि बूबी याच गटातले. फ्रिगेटचा नर गळ्याची लालभडक पिशवी फुग्यासारखी फुगवून मिरवतो, पण अंगाने मादीच भारी.

आणि समुद्र कशाला, तुमच्या शाळेच्या लिंबावर येणारा शिकरा हा शिकारी पक्षी बघा. मादी ठळकपणे मोठी. शिकारीसाठी असे पक्षी पाळणाऱ्या जुन्या बाजदारांच्या बोलीत 'शिकरा' हे नाव मुळात मादीचंच. तिच्या लहानखुऱ्या नराला 'चिपका' म्हणत. तसंच 'बाज' ही मादी आणि तिचा नर 'जुर्रा'. शिकारीला मोठी मादी कामाची, म्हणून मुख्य नाव तिला आणि नराला वेगळं, धाकटं नाव. मराठीने 'शिकरा' उचलला आणि शेवटच्या 'आ'कडे बघून त्याला बिनदिक्कत पुल्लिंगी करून टाकलं. मला हे फार गमतीचं वाटतं. व्यवहारातून घडलेल्या शब्दाने माप बरोबर पकडलं होतं, आपल्या व्याकरणाने ते उलटवलं.

तुमच्या वर्गात घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी मुलं असतीलच. कधी 'घार आला' म्हणतात म्हणून आपण त्यांना दुरुस्त करतो. पण या बाबतीत त्यांची वाट जास्त मोकळी आहे. कन्नडमध्ये पक्षी नपुंसकलिंगीच चालतो. नर सांगायचा तर 'गंडु हक्की', मादी सांगायची तर 'हेण्णु हक्की', क्रियापद दोन्हीकडे तेच. तेलुगूत 'मग' आणि 'आड' असे शब्द पुढे लावतात. लहान-मोठेपणाचा इशारा त्यात येत नाही. मराठीत आपल्याला तो मुद्दाम पुसावा लागतो. 'साहजिकच' काढा आणि पक्ष्याचं नाव घेऊन लिहा : 'अल्बट्रॉसमध्ये नर मोठा, फ्रिगेटमध्ये मादी.'

'चारा' मात्र ठेवा, पण जागा बघून. सहकाऱ्यांचा आक्षेप मला समजतो. सांगोला-मंगळवेढ्याकडे दुष्काळात चारा छावण्या बघितलेल्या माणसाला चारा म्हणजे कडबाच आठवणार. पण 'चोच दिली तो चाराही देईल' ही म्हण चोचवाल्यांबद्दलच आहे, आणि चिमणी पिलाला चारा भरवते हे आपण रोज बोलतो. शब्दाच्या मुळाशी 'चर्' म्हणजे फिरणं आहे, जलचर-निशाचरातलं. त्या अर्थाने एकेका फेरीत हजारो किलोमीटर उडणाऱ्या अल्बट्रॉसला तो शोभतोही. तरी 'नर समुद्रावर चरायला गेला' असं लिहू नका, वर्ग आवरणार नाही. पिलाला भरवण्यासाठी 'चारा', जिवंत मासा किंवा माकूल (स्क्विड) पकडण्यासाठी 'भक्ष्य', आणि दोन्ही मिळून बोलायचं तर 'अन्नासाठी भटकणं' किंवा 'अन्नशोध'.

सरसकट 'भक्ष्य' का नको, त्याला कारण आहे जायंट पेट्रेल हा दांडगा समुद्री पक्षी. अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर याचा नर साधारण 5 किलोचा, मादी त्याच्यापेक्षा बरीच हलकी. अंडी उबवण्याच्या दिवसांत नर बराचसा वेळ किनाऱ्यावरच असतात आणि मेलेल्या सील-पेंग्विनांवर तुटून पडतात. चोच आणि मान रक्ताने माखलेली, पंख आणि शेपटी पसरून एकमेकांवर धावून जाणं चाललेलं. माद्या मात्र दूर समुद्रावर अन्न शोधतात. मेलेल्या सीलला कोणी 'भक्ष्य' म्हणत नाही. तिथे सरळ 'मेलेलं खातात' लिहावं.

याच उदाहरणावर तुमचं 'वाटून घेतात' अडकतं. मराठीत वाटणी म्हटली की दोन्ही पक्षांची संमती आली, बांध आला, पुढे सातबारा आला. मढ्याभोवती भांडण होतं तेव्हा अंगाने मोठा असेल तोच खातो. मादीने समजूतदारपणे समुद्र घेतला आणि नराला किनारा दिला, असं काही घडलेलं नाही. तिथे एखाद्याने 'नर माद्यांना हुसकावतात' लिहिलं तर ते निदान एक शास्त्रीय शक्यता तरी सांगतं.

वाँडरिंग अल्बट्रॉसची गोष्ट आणखी वेगळी. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला फ्रान्सची क्रोझे बेटं आहेत, तिथल्या पक्ष्यांचा माग अनेक वर्षं काढला गेला आहे. पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत, आणि नराचं वजन मादीपेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी जास्त. नर दक्षिणेकडे, थंड आणि जोरदार वाऱ्याच्या पट्ट्यात जास्त जातात. माद्या उत्तरेकडच्या उबदार पाण्यावर. पंखांवर पडणारा भार मादीचा कमी असल्याने तिला हलका वारासुद्धा पुरतो, वजनदार नराला सोसाट्याचा लागतो. म्हणजे इथे ना वाटणी, ना हुसकावणं. निदान काही अंशी तरी कोणी कुठे जायचं ते वारा ठरवतो. पण उत्तरेकडच्या त्याच पाण्यात ट्यूना पकडणारी जहाजं मैलोगणती लांब दोऱ्या आणि त्यांना लावलेले हजारो गळ सोडतात. आमिषाला भुलून गळात अडकणाऱ्यांत तिथे माद्यांचं प्रमाण जास्त राहिलं आहे. 'वाटून घेतात' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, दोघांचीही सोय झाली. इथे तर मादीच्या वाट्याला गळ आले आहेत.

'वाटून घेतात' हे शब्द त्यातल्या त्यात शोभतील ते अंटार्क्टिकाजवळच्या बेटांवरच्या निळ्या डोळ्यांच्या पाणकावळ्यांना. सकाळी मादी मासे पकडायला जाते, नर घरटं राखतो. ती परतली की दुपारी तो जातो. एकजण घरी हवाच, म्हणून ही पाळी. इथेही मी 'पाळीपाळीने जातात' असंच लिहीन, कारण ते डोळ्यांना दिसतं. 'वाटून घेतात' म्हटलं की त्यांच्या मनातलं सांगितल्यासारखं होतं.

तर ते वाक्य असं चालेल : 'काही समुद्री पक्ष्यांत नर आणि मादी अन्नासाठी वेगवेगळ्या ठिकाणी किंवा वेगवेगळ्या वेळी जातात.' सपक वाटेल, पण खोटं नाही. पुढे लगेच पेट्रेलचं उदाहरण टाका, मीठ-मसाला तिथून मिळेल.

आणि मादी की मादा? मराठीत मादी, अनेकवचनी माद्या. 'मादा' हिंदीतून येतो. 'नर-मादा' असं जोडीने बोललेलं कानावर येतं, पण लिहिताना मादीच लिहा.