वाचकांचे प्रश्न : विधान मोडले, मग बातमी गुपचूप बदलली

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील निवृत्त मुख्याध्यापिका आहे. कमी पटाच्या शाळांविषयी एका मराठी वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीने माझी मुलाखत घेतली. मी म्हणाले होते, "वीसपेक्षा कमी पटाची शाळा बंदच करायची असेल, तर आधी त्या मुलांच्या येण्याजाण्याची सोय करा; ती होत नाही तोवर शाळेला हात लावू नका." संध्याकाळच्या बातमीपत्रात माझे बोलणे "बंदच करायची" या शब्दांवर तोडले. वाहिनीच्या संकेतस्थळावर मथळा आला : "कमी पटाच्या शाळा बंदच करा, निवृत्त मुख्याध्यापिकेची मागणी". मी फोनवर तक्रार केल्यावर दोन दिवसांनी मथळा आणि मजकूर बदलला, पण बदल केल्याचा एक शब्दही तिथे नाही. गावात लोक जुना मथळा दाखवून जाब विचारतात. मी संकेतस्थळ उघडून दाखवले, तर "बाई, तुम्ही आता शब्द फिरवला" असे म्हणतात. वाहिनीचे म्हणणे असे की आवाज माझाच आहे आणि बातमी दुरुस्तही केली आहे, मग तक्रार कशाची?

उत्तर : आपले पत्र हाती आले तेव्हा प्रक्षेपणाला पाच दिवस झाले होते, म्हणून मुदतीपुरती माहिती आम्ही त्याच दिवशी फोनवर कळवली. बाकीचे इथे सविस्तर देत आहोत, कारण अशी वेळ अनेकांवर येते.

आपल्या तक्रारी दोन आहेत आणि त्या पत्रात वेगवेगळ्या मांडायला हव्यात. पहिली विधान मोडल्याची. "बंदच करायची असेल, तर" हा अटीचा अर्धा भाग आहे. त्यातले "असेल, तर" काढून टाकले की "शाळा बंदच करायची" हे मराठीत पूर्ण वाक्य होते आणि त्याचा अर्थ ठाम मागणी असा होतो. संकलकाने एकही शब्द पदरचा घातला नाही, तरी वाक्य आपले राहिले नाही. त्यामुळे "आवाज तुमचाच आहे" हे उत्तर होऊ शकत नाही. बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातील, पन्नासहून अधिक मिनिटांच्या अंतराने उच्चारलेली वाक्ये सलग जोडून दाखवली होती. तिथेही आवाज वक्त्याचाच होता. तरीही बीबीसीला दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि ९ नोव्हेंबर २०२५ रोजी महासंचालक टिम डेव्ही व वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले.

दुसरी तक्रार गुपचूप केलेल्या बदलाची, आणि आमच्या मते आपले अधिक नुकसान तिने झाले आहे. जुना मथळा स्क्रीनशॉटच्या रूपाने गावभर फिरत आहे. संकेतस्थळावर मात्र असे काही छापलेच नव्हते, असा देखावा उभा आहे. वाहिनीने चूक कबूल केली असती, तर ती वाहिनीची चूक म्हणून लोकांना दिसली असती. ती न केल्यामुळे दोन मजकुरांतल्या फरकाचा दोष आपल्या माथी आला. म्हणून केवळ मजकूर बरोबर झाला यावर समाधान मानू नका. त्याच पानावर, मथळ्याखाली, तारखेसह नोंद मागा आणि तिचा मसुदा आपणच लिहून द्या : "या बातमीच्या पूर्वीच्या मथळ्यात आणि मजकुरात संबंधित मुख्याध्यापिकांनी शाळा बंद करण्याची मागणी केल्याचे म्हटले होते. ते चुकीचे होते. मुलांच्या येण्याजाण्याची सोय झाल्याशिवाय शाळा बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे आहे." बातमीची चित्रफीत यूट्यूबवर अजून असेल, तर तिच्याखालीही हीच नोंद हवी, आणि ज्या बातमीपत्रात तुकडा दाखवला त्याच वेळच्या बातमीपत्रात ती वाचून दाखवली जावी.

पुराव्याची चिंता करू नका. गुपचूप केलेला बदलही मागे खुणा ठेवतो. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की त्याखाली मथळ्याची चौकट दिसते, ती पाठवण्याच्या क्षणी तयार होते आणि नंतर संकेतस्थळावर काहीही बदलले तरी त्या संदेशात तशीच राहते. त्या संध्याकाळी ज्या कुणी आपल्याला किंवा आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात दुवा पाठवला असेल, तो संदेश पुसू देऊ नका. तारीख, वेळ दिसेल असा त्याचा स्क्रीनशॉट घ्या. पानाचा पत्ताही नीट पाहा. मथळा बदलला तरी पत्त्यात जुन्या मथळ्याचे शब्द रोमन अक्षरांत अनेकदा तसेच राहून जातात. इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर हा पत्ता टाकून जुनी प्रत मिळते का ते तपासा, आणि आजचे पान तिथेच जतन करा, म्हणजे उद्या पुन्हा बदल झाला तर तोही दिसेल. मुलाखत चालू असताना आपल्या घरातील कुणी मोबाइलवर चित्रण केले असेल, तर मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे त्याच फोनमध्ये राहू द्या.

तक्रार फोनवर नको, लेखी हवी. ई-मेल आणि पोचपावतीचे टपाल अशा दोन्ही मार्गांनी ती वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांत जून २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यायची असते आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा असतो. निर्णय पटला नाही, तर पुढच्या पंधरा दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करता येते, आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे. सगळ्या वाहिन्या एकाच संस्थेच्या सदस्य नाहीत, तेव्हा पत्रातच "आपण कोणत्या स्वनियमन संस्थेचे सदस्य आहात" असे विचारा. वाहिनी एनबीडीएसए या वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन प्राधिकरणाच्या कक्षेत येत असेल, तर पहिल्या प्रक्षेपणापासून सात दिवसांत वाहिनीकडे तक्रार जायला हवी. आपल्याला घाईने फोन केला तो याचसाठी. केबल नियमांतील कार्यक्रम संहितेच्या, म्हणजे वाहिनीवर काय दाखवू नये हे सांगणाऱ्या, नियम ६(१)(घ) मध्ये बदनामीकारक मजकुराबरोबर अर्धसत्यालाही मनाई आहे. आपल्या प्रकरणाला हा शब्द अक्षरशः लागू पडतो, म्हणून तो नियम पत्रात नमूद करा.

वाहिन्यांनी प्रक्षेपित केलेल्या मजकुराचे चित्रण नव्वद दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. मूळ, न कापलेली मुलाखत त्यात येत नाही, म्हणून ती जतन करण्याची मागणी पत्रात स्वतंत्र परिच्छेदात लिहा. उद्या वाद वाढला, तर "असेल, तर" हे दोन शब्द तिथेच सापडणार आहेत.

संकेतस्थळासाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत अशीच त्रिस्तरीय रचना होती, पण पत्रकार निखिल वागळे आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी त्या रचनेशी संबंधित नियम ९(१) व ९(३) यांना स्थगिती दिली. म्हणून केवळ संकेतस्थळाची वेगळी तक्रार करत बसू नका. प्रक्षेपण आणि पान ही एकाच चुकीची दोन रूपे म्हणून एकाच पत्रात मांडा. प्रेस कौन्सिलकडेही जाऊ नका, कारण तिचा अधिकार वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्थांपुरता आहे. अनेक वाचकांचा वेळ तिथेच जातो.

प्रश्न : आम्ही लंडनमध्ये राहतो. बीबीसीच्या बातमीत असे काही आढळले, तर तक्रार कुठे करायची? थेट ऑफकॉमकडे, म्हणजे ब्रिटनच्या प्रक्षेपण नियामकाकडे, गेलेले चालते का?

उत्तर : नाही, आधी बीबीसीकडेच जावे लागते, आणि तेही प्रक्षेपण किंवा प्रकाशनापासून तीस कामकाजाच्या दिवसांत. पहिल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर पुन्हा लिहावे, आणि त्यानंतर बीबीसीच्याच कार्यकारी तक्रार विभागाकडे जावे. ऑफकॉम हा त्यानंतरचा टप्पा आहे. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा : प्रक्षेपणाबाबत ऑफकॉम कारवाई करू शकते, संकेतस्थळावरील लेखी मजकुराबाबत ती फक्त मत देऊ शकते. त्यामुळे पानावरील गुपचूप बदलाची तक्रार बीबीसीच्या स्वतःच्या टप्प्यांवरच तारीखवार आणि पुराव्यासह पूर्ण मांडावी, आणि बीबीसीच्या 'दुरुस्त्या व स्पष्टीकरणे' या पानावर नोंद घ्यावी, अशी स्पष्ट मागणी पहिल्याच पत्रात करावी.