इलॅस्टिक पीक ठेंगणे का दिसते?

प्रश्न : सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉनांचा अप्रत्यास्थ सरासरी मुक्तपथ (ऊर्जा गमावण्याआधी इलेक्ट्रॉन सरासरी किती अंतर जातो ते) काढतोय. त्यासाठी सिलिकॉनचे इलॅस्टिक पीक, म्हणजे ऊर्जा न गमावता परतलेल्या इलेक्ट्रॉनांचा आलेखातला उंचवटा, निकेलच्या पीकशी ताडून पाहतो. २००० इलेक्ट्रॉन-व्होल्टला आकडा तक्त्याशी जुळतो, ५०० ला मात्र कमी येतो. इलेक्ट्रॉन सोडणारी गन बिघडली का? (पाषाण)

उत्तर : आधी गणित तपासा. पृष्ठभागावरचे प्लाझ्मॉन (तिथल्या इलेक्ट्रॉनांची सामूहिक आंदोलने) खेड-शिवापूरच्या नाक्यासारखे ऊर्जेचा टोल घेतात, जातानाही आणि येतानाही. तो भरलेला इलेक्ट्रॉन इलॅस्टिक पीकमधून बाद होतो. टोल बसण्याचे प्रमाण ढोबळमानाने ऊर्जेच्या वर्गमुळाच्या व्यस्त असते, म्हणजे ५०० ला ते २००० च्या दुप्पट. शिवाय इलेक्ट्रॉन जितका तिरका, तितके ते जास्त.

समजा, झोत लंब आहे आणि आत जाताना हा गुणांक ०.१० आहे. सिलिंड्रिकल मिरर अ‍ॅनालायझर (इलेक्ट्रॉन ऊर्जेनुसार निवडणारे उपकरण) ते ४२.३ अंशांवर गोळा करतो, त्यामुळे बाहेर येताना तो ०.१३५ होतो. बेरीज ०.२३५, म्हणजे पीक e चा उणे ०.२३५ वा घात, ७९ टक्केच उरले. निकेलचीही बेरीज तेवढीच असती तर गुणोत्तरात सगळे कटले असते. ती ०.१५ असेल तर गुणोत्तर सुमारे ८ टक्के कमी येते आणि मुक्तपथ आखूड निघतो. म्हणून दुरुस्ती दोन्ही नमुन्यांना लावा, एकट्या सिलिकॉनला नको.

कार्बनचा थरही कमी ऊर्जेलाच जास्त छळतो. २७२ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ कार्बनचे ऑजे पीक (कार्बनची ओळख पटवणारे) दिसले, तर पुन्हा आर्गॉन आयन मारून पृष्ठभाग साफ करा. आणि पीकची उंची नव्हे, क्षेत्रफळ घ्या. झोताचा प्रवाह निम्मा केल्यावर क्षेत्रफळ निम्मे होत नसेल, तर डिटेक्टर तुंबलाय. मग वरची सगळी चर्चा व्यर्थ.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियममध्ये १५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जाहानी दिसते, १०.५ ची नाही. (औंध)

उत्तर : १५ ची हानी आतल्या प्लाझ्मॉनची, १०.५ ची पृष्ठभागाची. बहुधा ऑक्साइड धरलाय. तसे असेल तर पृष्ठभागाचे पीक खाली सरकते; ७ च्या आसपास उंचवटा शोधा. पॉवेल आणि स्वान या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास हेच सरकणे मोजले होते. आर्गॉनने साफ केल्यावर नमुना तिरका करा: १०.५ चे पीक १५ च्या तुलनेत वाढले पाहिजे.

प्रश्न : पावसाळ्यात निर्वात लवकर येत नाही. (गणेशखिंड)

उत्तर : चेंबर उघडताना हवा नको, कोरडा नायट्रोजन सोडा आणि झाकण लगेच लावा. मग १२० ते १५० अंशांवर बेक करा. पण आधी अ‍ॅनालायझर आणि केबल किती तापमान सोसतात ते मॅन्युअलमध्ये पाहा.